भावाच्या घरची सोयरीक

माझी आई माझ्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या जानेफळकडच्या गावांत यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मामाची मुलगी केली म्हणजे पोरगी घरातल्या घरात राहिली, असंच समजत. आजी माझ्या आईला सून म्हणून कधी हाक मारायची नाही, भाची म्हणूनच मारायची.

आम्ही दोघंच भावंडं. तो मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला बाई. माझं लग्न डोणगावला झालं आणि मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला लागले. मला एक मुलगा झाला, पुढे भाऊला एक मुलगी. तिच्या बारशाला भाऊनं तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "घे बाई, तुही सून." सगळे हसले, पण ते हसण्यावारी न्यायचं बोलणं नव्हतं. मग कुणी ते पुन्हा बोललं नाही, कारण बोलायची गरजच उरली नव्हती. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा शेजारणी म्हणायच्या, "सूनबाई आल्या वाटते." ती चिडायची नाही. घागर उचलून सरळ नळावर जायची.

ती वर्षं बीटी कपाशीची. ज्याच्या त्याच्या वावरात तीच. पण भाऊ नुसती कपाशी लावत नव्हता, तो तिच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचा, म्हणजे कंपनीला संकरित बी तयार करून द्यायचा. एका बाजूला नराच्या ओळी, बाकी सगळ्या मादीच्या. दुपार कलली की उद्या उमलणाऱ्या मादीच्या कळ्या शोधायच्या, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि आतले पुंकेसर अलगद सोलून काढायचे, आणि मधली काडी तशीच ठेवून तिच्यावर कागदाची लाल पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. पुंकेसराचा एक कण जरी मागे राहिला तरी बी भेसळीचं होतं. बाया हे काम भराभर करत, आणि भाऊ त्यांच्याही पुढे असायचा. मी माहेरी गेले की बांधावर बसून त्याचा अंगठा बघत राहायचे.

तिशीत आल्यावर तो अंगठा मंदावला.

आधी त्यानं कुणाला सांगितलं नाही. सकाळी तो अगदी ठणठणीत असायचा, परागीकरणाचं काम नीट व्हायचं. दुपारनंतर मात्र उजव्या पायाची बोटं आत वळायची, चप्पल निसटायची, आणि कळी हातात धरली की अंगठा जणू दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा व्हायचा. जरा झोप काढून उठला की पुन्हा बरा. सकाळी बरा आणि संध्याकाळी वाकडा चालणाऱ्या माणसाबद्दल गाव काय समजेल, ते समजलं. माझ्या कानावरही आलं की तुझा भाऊ दुपारपासूनच लावून बसतो. भाऊनं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

त्या वर्षी त्याचं बियाणं कंपनीच्या शुद्धतेच्या चाचणीत नापास झालं. कळ्यांमध्ये पुंकेसर राहून गेले होते. दुसऱ्या वर्षी त्याला प्लॉट मिळाला नाही. वडील त्याला म्हणाले, "बायाच्या भरवशावर सोडलं असशीन तू." भाऊ म्हणाला, "नाही बाबा. माह्याच हातानं झालं." त्याच दिवशी त्यानं पहिल्यांदा आईसमोर हात धरून दाखवला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टेकवायला त्याला किती जोर लागतो ते.

मग सुरू झालं फिरणं. कुणी म्हणालं मानेची नस दबली, कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली. आई त्याला दर्ग्यावर घेऊन गेली. तिथं मुजावरानं त्याच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, इसको बडे डॉक्टर के पास लेके जा." वडिलांच्या मनात मात्र दुसरंच घर करून बसलं होतं. भाऊ शाळेत होता तेव्हापासून त्यांनी त्याच्या पाठीवर फवाऱ्याचा पंप दिला होता. बीटी येण्याआधी बोंडअळीवर किती औषधं मारली याला हिशोब नव्हता, आणि बीटी आल्यावर अळी गेली तरी मावा-तुडतुड्यांसाठी पंप होताच. "मीच इख पाजलं त्याले," असं ते कुणालाही सांगत, अगदी एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही.

शेवटी औरंगाबादच्या एका डॉक्टरनं त्याला उठवलं, बसवलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि कंपवात म्हणून सांगितलं. भाऊचा हात फारसा कापतही नव्हता. वहिनी म्हणाली, "पण तो तं म्हाताऱ्यायले होते." डॉक्टर म्हणाले, कधीकधी तरुणपणीही होतो, आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्या गोळ्यांचा पहिला दिवस मी विसरले नाही. मी मुद्दाम रजा काढून गेले होते. दुपारची वेळ. भाऊ ओसरीवर पाय आखडून बसला होता. गोळी घेतली. थोड्या वेळानं त्यानं पाय सरळ केला आणि बोटांकडे बघत राहिला. मग उठला, गोठ्यात गेला, बैल सोडले, पाण्यावर नेले, परत आणून बांधले. दावं बांधताना त्याची गाठ पहिल्यासारखी झटकन बसली. वहिनी चुलीपुढे बसून रडत होती आणि भाऊ तिला म्हणत होता, "आता काऊन रडून राह्यली? चहा ठेव ना." आम्हाला वाटलं, रोग गेला.

पुढची काही वर्षं बरी गेली. मुलगी मोठी होत होती, मेहकरला कॉलेजात जाऊ लागली. माझा मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. पण गोळ्यांची संख्या वाढत गेली आणि त्यांचं वागणंही बदललं. गोळी अंगात चढली की भाऊचं सगळं अंग हेलकावे खायचं. मान, खांदे, हात, सगळं आपोआप वळायचं. उतरली की तो जागच्या जागी थिजायचा. मधला चांगला वेळ दिवसेंदिवस आखूड होत गेला. एकदा बाजारात भाजीवालीसमोर तो असा झुलत असताना दोन पोरं हसली. पोरगी सोबत होती. तिनं पिशवी खाली ठेवली, बापाच्या कमरेत हात घातला आणि त्याच्याबरोबर तशीच हळूहळू चालत राहिली. दोघं बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. घरी येऊन तिनं यातलं काही सांगितलं नाही. मला ते भाजीवालीनं सांगितलं.

लग्नाचा विषय मीच काढला. पोरगी लग्नाच्या वयाची झाली होती, मुलगा कमावता झाला होता. भाऊ म्हणाला, "एकदा डॉक्टरले इचारून घेऊ. माह्या पोरीले तं नाही होणार ना हे?" एवढीच त्याची शंका होती.

औरंगाबादला आता एक नवीन डॉक्टरीणबाई होत्या. तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि पहिलाच प्रश्न वडिलांना विचारला, "तुमचं आणि आजींचं लग्नाआधी काही नातं होतं का?" वडील अभिमानानं म्हणाले, "हो तं. माह्या मामाची पोरगी हाय." बाईंनी मान हलवली आणि भाऊचं रक्त तपासणीला पाठवलं.

निकाल आला तेव्हा आम्ही सगळेच गेलो होतो. बाईंनी घाई न करता समजावून सांगितलं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत ताकद तयार करणारे बारीक बारीक भाग असतात. ते वापरून वापरून बिघडतात. निरोगी पेशी बिघडलेला भाग ओळखते, त्याच्यावर खूण करते, तो मोडते आणि त्यातलाच माल पुन्हा कामाला लावते. ही खूण करायचं काम एका प्रथिनाचं असतं. ते कसं बनवायचं हे ज्या जनुकात लिहिलेलं असतं, त्या जनुकाच्या भाऊकडच्या दोन्ही प्रती तुटलेल्या आहेत. म्हणून त्याच्या मेंदूतल्या काही पेशींमध्ये मोडकं सामान साचत गेलं, आणि हातापायांना चालवणारं रसायन तयार करणाऱ्या त्या पेशी मरत गेल्या.

वडील म्हणाले, "वावरात निंदनच झालं नाही, असं?"

"साधारण तसंच, बाबा."

"मंग फवाऱ्यानं नाही झालं?"

"यांना झालेलं मुख्यतः फवाऱ्यानं नाही. हे जन्मापासूनच होतं."

वडिलांनी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांचं ओझं त्यांच्या छातीवरून उतरताना मी पाहिलं. पण तेवढ्यात आईनं विचारलं, "मंग हे कोणाकडून आलं, बाई?"

डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या. "दोघांकडून. एकेक प्रत. एक चांगली, एक तुटलेली असली तर माणसाला काही होत नाही, तुम्हाला झालं नाही तसं. पण दोघं एकाच घरातले असले की तीच तुटलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. यात कुणाची चूक नाही."

कुणाची चूक नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. परतताना मेहकरच्या एसटीत जागा भरपूर होती, तरी आई एका बाकावर बसली आणि वडील तिच्या मागच्या बाकावर. दोघंही खिडकीबाहेर बघत होते. जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं. त्यानंतर आई तिच्या माहेरी कधी राहायला गेली नाही. तिचं माहेर तेच वडिलांचं आजोळ होतं. भाऊबीजेला मामा स्वतः येऊन ओवाळून घ्यायचे, तेव्हा ती त्यांना ओवाळायची आणि पुन्हा कामाला लागायची.

पोरीकडे एक तुटलेली प्रत असणारच होती, पण वहिनी नात्याबाहेरची, म्हणून पोरीला स्वतःला आजार होणार नव्हता. प्रश्न माझ्या मुलाचा होता. त्याच्याकडे तशी प्रत नसेल तर लग्नाला काही हरकत नव्हती; असेल तर त्यांच्या लेकरांना दोन्हीकडून तुटलेली प्रत मिळू शकत होती. मी आणि त्यानं रक्त दिलं. निकालाची वाट बघताना मी नेमकं काय मागत होते ते मला ठाऊक आहे: माझ्यात असू दे, त्याच्यात नसू दे. माझ्यात होती आणि त्याच्यातही होती.

मी भाऊला सांगायला गेले तेव्हा तो वावरात होता, बांधावरच्या निंबाखाली. कपाशीला बोंडं लागली होती. त्या साली गुलाबी बोंडअळी पुन्हा आली होती. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत सरकी पोखरलेली. त्यानं एक बोंड माझ्या हातात दिलं. मी ते न पाहताच म्हणाले, "भाऊ, होईलच असं नाही. डॉक्टरीणबाई म्हणल्या, चार लेकरांत एकाला."

भाऊची गोळी उतरायला आली होती, आवाज बारीक झाला होता. तो म्हणाला, "बाई, आपण तं चार बी नव्हतो. दोघंच होतो. तरी आला ना?"

मी हातातलं बोंड फोडून पाहिलं.

"मोडून टाक," तो म्हणाला. "माह्या पोरीच्या पोराले मी हे देणार नाही. तू बी नको देऊ."

"तिला कोण सांगणार?"

"मीच सांगतो. सकाळी सांगतो, सकाळी मले नीट बोलता येते."

त्यानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, म्हणे, आणि बापाला चहा करून दिला. नंतर मी गेले तेव्हा ती धान्य पाखडत होती. मी शेजारी बसले. सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "आत्या, मंग आता मी तुह्या घरी पाव्हणीच ना?" मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिली.

मुलाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांगितलं का?"

"मामानं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"बरं," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. त्या दिवाळीला तो घरी आला, पण मामाच्या गावाला गेला नाही. लहानपणापासून पहिल्यांदाच. त्या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल काय होतं ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीही आम्हाला ते विचारायची वेळ येऊ दिली नाही.

भाऊनं पोरीसाठी स्थळं पाहायला सुरुवात केली आणि एक हट्ट धरला. पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आपला आजार आणि त्याचं कारण आधीच सांगायचा. वहिनी म्हणायची, निदान चहापोहे तर होऊ द्या. तो ऐकायचा नाही. दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं. एका घरच्यांनी तर अंगणातूनच गाडी वळवली. मग मोताळ्याकडचं स्थळ आलं. मुलाचे वडील कपाशीवाले, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "पोरीले होईन का?"

भाऊ म्हणाला, "नाही. आन् तुमचं घर आमच्या नात्यातलं नाही, म्हणून तिच्या लेकरायले बी होण्याची भीती फार थोडी."

"मंग झालं," ते म्हणाले. "मह्या आईले बी आयुष्यभर दमा होता. माणसायले काही ना काही राहतेच."

लग्न आमच्याच गावात झालं. मुहूर्त सकाळचा, म्हणून भाऊ निर्धास्त होता. पण वऱ्हाडाची गाडी घाटात खोळंबली. मुहूर्ताच्या वेळेसाठी घेतलेल्या गोळीवर भाऊनं पाहुण्यांचं स्वागत केलं, मांडवभर झुलत, सगळ्यांना हात जोडत. वऱ्हाड आलं, वरमाला पडल्या, तोवर दुपार झाली होती. पुढची गोळी दिली, पण ती चढेना. कन्यादानाला भाऊ पाटावर बसला तो दगड होऊनच. भटजींनी सांगितलं, "हात पुढे करा." हात मांडीवरून उठले नाहीत. पुन्हा सांगितलं. मांडवात कुजबुज सुरू झाली. मी पुढे सरकले, पण माझ्याआधी पोरीनं आपला हात पुढे केला. मेंदीचा, हिरव्या चुड्याचा तो हात तिनं बापाच्या दोन्ही हातांखाली घातला आणि ते हात हळूच वर उचलून धरले. वहिनीनं पाणी सोडलं. मंत्र संपेपर्यंत पोरीनं हात खाली घेतला नाही.

भाऊचा चेहरा हलत नव्हता. या रोगात चेहराही थिजतो. दुःख असो, आनंद असो, काही उमटत नाही. त्या तसल्या कोऱ्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. माझा मुलगा पंगतीत वाढत होता. तो बुंदीची परात खाली ठेवून आला, मामाचे डोळे रुमालानं पुसले, नाक पुसलं, आणि पुन्हा परात उचलून गेला. नवरीकडे त्यानं पाहिलं नाही. तिनंही मान वर केली नाही.

त्यानंतर भाऊ फार वर्षं राहिला नाही. शेवटी शेवटी त्याला गिळता येईना. मी शनिवार-रविवार जायचे आणि त्याला पातळ वरण-भात भरवायचे. चमचा ओठाला लावून म्हणायचे, "गीळ भाऊ." तो डोळ्यांनी हो म्हणायचा आणि घास तसाच राहायचा. घास छातीत जाऊन ताप भरला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं तो एका सकाळी गेला. त्याची बोलायची वेळ होती ती, पण त्या दिवशी तो बोलला नाही. वडील खाटेजवळ उभे होते. ते त्याच्या पायाची आत वळलेली बोटं एकेक करून सरळ करत राहिले. नर्सनं त्यांना बाजूला घेतलं तेव्हा कुठे थांबले.

आता वडील नाहीत. आई आहे, वहिनीजवळ असते. वावर बटईनं दिलंय. त्यात आता सोयाबीन असतं. माझ्या मुलानं पुण्यातच लग्न केलं. सून चांगली आहे, मोकळी आहे. लग्नाआधी त्यानं तिला स्वतःहून सगळं सांगितलं आणि तिनंही तपासून घेतलं.

भाची मोताळ्याहून वर्षातून एकदा-दोनदा येते. सोबत तिची मुलगी असते. आल्याबरोबर भाची पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात शिरते. डबे कुठं, तिखट कुठं, तिला विचारावं लागत नाही. मी म्हणते, बस जरा, पाहुणी आलीस ना. ती ऐकत नाही. मागच्या वेळी तिची मुलगी माझ्या मांडीवर बसून गोष्ट ऐकत होती आणि मधेच "आजी" म्हणून तिनं माझी हनुवटी आपल्याकडे वळवली. भाची पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं. लग्न झालं असतं तरी त्या लेकरानं मला आजीच म्हटलं असतं. दोघींनाही ते कळलं. मग ती म्हणाली, "आत्या, पीठ संपलं वाटते," आणि मी उठून डबा काढून दिला.